आधी गच्ची, मग एसी

एप्रिलमधली दुपार, साडेचारची वेळ, तालुक्याच्या कचेरीचा वरचा मजला. बाहेर ऊन कलायला लागलेलं, आत मात्र उकाडा वाढतोच आहे. पंखा पाचवर, तरी डोक्यावर येते ती गरम हवाच. काँक्रीटचा स्लॅब भर दुपारी ऊन पितो आणि ती उष्णता खालच्या अंगाला पोचायला काही तास घेते. बाराचं ऊन चारला टेबलावर उतरतं ते असं.

त्यात गळती थांबवायला गच्चीवर काळी डांबरी शीट चिकटवली असेल तर विचारायलाच नको. काळा पृष्ठभाग उन्हातला जेमतेम पाच टक्के भाग परतवतो, ताजा पांढरा परावर्तक रंग 80 टक्क्यांच्या आसपास. पूर्वी मिस्त्री कोब्यावर पांढऱ्या चिनीमातीचे तुकडे बसवत. हेतू गळती रोखायचा, पण ऊनही आपसूक परत जाई. अर्थात रंग काय, तुकडे काय, धूळ साचली की गुण कमी, झाडू-पाणी हवंच.

आपल्याकडे नूतनीकरण म्हणजे पीओपीचं छत, नवं फर्निचर आणि साहेबांच्या केबिनला एसी. खिडकीला फायलींचं कपाट टेकवलेलं, म्हणून भरदिवसा दिवे चालू. पंख्यांकडे तर कुणी बघतच नाही. साधा पंखा साधारण 75 वॉट खातो, बीएलडीसी म्हणजे ब्रशशिवाय चालणाऱ्या, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा 28 ते 35. कचेरीत 40 पंखे, वर्षाला 2000 तास चालतात असं धरा. पंख्यामागे 47 वॉट वाचले, तर वर्षाला 3760 युनिट! तेवढी वीज सौर पॅनेलवर करायची तर अडीच-पावणेतीन किलोवॉटचे पॅनेल लागतील. सौरऊर्जेला माझा विरोध नाही. पण वाया जाणाऱ्या विजेच्या मापाने पॅनेल घेणं म्हणजे गळक्या टाकीसाठी मोठा पंप आणणं.

आधी वाया जाणं थांबवायचं, मग यंत्रं घ्यायची, हा क्रम पाळला की काय होतं, ते न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगमध्ये दिसलं. इमारत खासगी आणि 1931 ची, पण दुखणं तेच. 2009 मध्ये दुरुस्तीची योजना जाहीर झाली. 6514 खिडक्यांच्या काचा फेकून न देता इमारतीतच, पाचव्या मजल्यावर कारखाना थाटून, दोन काचांच्या मध्ये पातळ फिल्म आणि वायू भरून पुन्हा बसवल्या. तिथे थंडीची चिंताही मोठी. म्हणून खोली गरम करणाऱ्या रेडिएटरच्या मागे उष्णतारोधक थर लावला, नाहीतर ऊब भिंतीवाटे रस्त्यावर जायची. विजेचा आणि इंधनाचा मिळून वापर 38 टक्क्यांनी घटवायचं उद्दिष्ट होतं.

हे सगळं करताना थंडाव्याची गरजच सुमारे एक तृतीयांशाने कमी होणार होती. मग जास्त ताकदीचे नवे चिलर, म्हणजे इमारतीच्या एसीसाठी पाणी थंड करणारी यंत्रं, घ्यायचं कारणच उरलं नाही. जुन्याच चिलरांची बाहेरची टाकी ठेवून आतल्या नळ्या आणि मोटरी बदलल्या, तेवढ्यावर भागलं.