ग्राफ्टची निवड (गुडघ्याचे लिगामेंट)

गुडघ्यात मांडीचे हाड आणि नडगी यांना आतून तिरके बांधणारे लिगामेंट म्हणजे एसीएल (अँटीरियर क्रूशिएट लिगामेंट). ते तुटले, की त्याच्या जागी बसवली जाणारी कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, हाच ग्राफ्ट. पूर्ण तुटलेले एसीएल नुसते शिवून सहसा टिकत नाही, म्हणून दुर्बिणीतून नवे घडवतात. नागपुरात असे रुग्ण कबड्डीच्या मैदानावरून येतात तसेच घसरलेल्या दुचाकीवरूनही. जिना उतरताना गुडघा सटकतो, ही तक्रार दोघांचीही.

मांडीच्या मागच्या स्नायूंच्या, म्हणजे हॅमस्ट्रिंगच्या कंडरांचा वापर सर्वाधिक. गुडघा वाकवला की मागे आतल्या बाजूला दोरीसारख्या हाताला लागतात, त्याच या कंडरा. नडगीवरच्या छोट्या छेदातून काढल्यावर बाजूच्या टेबलावर त्यांना चिकटलेले मांस खरवडतात, टोके शिवतात, चौपदरी घडी घालतात आणि मापाच्या भोकांतून ओढून जाडी पाहतात. ८ मिमी भरली तर ठीक. ७ भरली तर पदर वाढवावे लागतात किंवा दुसरीकडून पुरवणी घ्यावी लागते. लहान चणीच्या मुलींत ही अडचण जास्त, आणि छेद घेण्याआधी ती नेमकी कळत नाही. संमतीपत्रात पर्यायी जागा आधीच लिहिलेली बरी.

वाटीखालच्या कंडरेचा मधला सुमारे १० मिमी रुंद पट्टा दोन्ही टोकांच्या हाडांसह घेता येतो. हाडाला हाड लवकर धरते, म्हणून खेळाडूंसाठी तो पसंत करतात. पण पुढे गुडघा टेकताना दुखू शकते. परदेशी पुस्तकांत किरकोळ वाटणारा हा तोटा इथे निर्णयच फिरवतो: दीक्षाभूमीवर पंचांग प्रणाम करणारा, मोमीनपुऱ्यात नमाज पढणारा आणि फरशी बसवणारा मिस्त्री, तिघांनाही गुडघे टेकल्याशिवाय गत्यंतर नाही.

घोट्याच्या बाहेरच्या बाजूची पेरोनियस लाँगस ही कंडरा अलीकडे भारतात बरीच वापरतात. जाडी बहुधा भरते, मांडीची ताकद शाबूत राहते. वाटीवरची, मांडीच्या पुढच्या स्नायूची क्वाड्रिसेप्स कंडरा हाही पर्याय आहे. मृत दात्याच्या कंडरेने स्वतःच्या अंगावरची एक जखम वाचते, पण तरुण खेळाडूंत ती तुटण्याचे प्रमाण जास्त.

कंडरा कुठलीही असो, बसवल्यावर ती आधी कमकुवत होते आणि नंतर तिच्यात रक्तवाहिन्या शिरून लिगामेंटसारखी घडत जाते. दीड-दोन महिन्यांनी सूज उतरून चाल सुधारते, नेमका तोच काळ नाजूक. मैदानावर परतायला निदान ९ महिने धरतात.