लॉस एंजेलिस फिल्म क्रिटिक्स असोसिएशन

अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरातल्या व्यावसायिक चित्रपटसमीक्षकांची संघटना. स्थापना १९७५. न्यूयॉर्कच्या समीक्षकांचे मंडळ १९३५ पासून पुरस्कार देत होते; हॉलिवूडच्या दारातच अशी संघटना उभी राहायला मात्र आणखी चाळीस वर्षे लागली. ज्या शहराचे पोट सिनेमावर चालते, तिथेच राहून स्टुडिओंना न रुचणारा कौल देणे सोपे नसते आणि या संघटनेचे मोल त्यातच आहे.

सभासद डिसेंबरात एकत्र येऊन मतदान करतात. निकाल त्याच दिवशी जाहीर होतो, पुरस्कार जानेवारीत दिले जातात. नामांकनांची यादी आधी काढली जात नाही. विजेत्यासोबत दुसऱ्या क्रमांकाचे नावही सांगतात. या प्रथेमुळे समीक्षकांच्या मतांचा कल वाचकाला कळतो, म्हणून ती फार उपयोगाची आहे. बरोबरी झाली तर पुरस्कार विभागून देतात. पहिल्याच वर्षी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान दोघांना मिळाला होता.

संघटनेची खरी कसोटी १९८५ मध्ये लागली. दिग्दर्शक टेरी गिलियम यांचा ‘ब्राझील’ हा चित्रपट युरोपात प्रदर्शित झाला होता, पण अमेरिकेत युनिव्हर्सल स्टुडिओने तो अडवून धरला होता. चित्रपट आखूड करावा, शेवट गोड करावा, असा स्टुडिओचा आग्रह होता. गिलियम यांनी ‘व्हरायटी’ या चित्रपटव्यवसायाच्या नियतकालिकात पानभर जाहिरात देऊन स्टुडिओप्रमुखांना जाहीर सवाल केला आणि समीक्षकांना चित्रपट खासगीत दाखवला. डिसेंबरात संघटनेने चित्रपट, दिग्दर्शन आणि पटकथा हे तिन्ही पुरस्कार ‘ब्राझील’ला दिले. त्यानंतर काही दिवसांतच स्टुडिओला तो अमेरिकेत प्रदर्शित करावा लागला. समीक्षकांच्या मताने एका कलाकृतीची सुटका झाल्याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल.

२००३ मध्ये मोठ्या स्टुडिओंच्या संघटनेने पुरस्कारांसाठी मत देणाऱ्यांना चित्रपटांच्या प्रती पाठवण्यावर बंदी घातली. छोट्या निर्मात्यांवरचा हा अन्याय मानून समीक्षकांनी त्या वर्षीचे पुरस्कारच रद्द केले. न्यायालयाने बंदीला स्थगिती दिल्यावर ते पुन्हा देण्यात आले.

इंग्रजीबाहेरचे ‘रोमा’ (२०१८), ‘पॅरासाइट’ (२०१९), ‘ड्राइव्ह माय कार’ (२०२१) असे चित्रपट इथे थेट सर्वोत्कृष्ट ठरले. २०२२ पासून अभिनयात स्त्री-पुरुष असे वेगळे विभाग नाहीत. प्रमुख आणि सहाय्यक भूमिकांसाठी प्रत्येकी दोन पुरस्कार असतात.

२०२४ चा इंग्रजीतर चित्रपटाचा पुरस्कार पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’ला मिळाला. मुंबईत घडणाऱ्या आणि कोकणात जाणाऱ्या या चित्रपटात छाया कदम यांची पार्वती आहे. ऑस्करच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट विभागासाठी प्रत्येक देश आपला एकच चित्रपट पाठवतो, आणि त्या वर्षी भारताने दुसरा चित्रपट निवडला होता. समीक्षकांच्या पुरस्काराला अशी कोणत्याही देशाची शिफारस लागत नाही.