सत्कार, सहल आणि प्रवासाचा खर्च: कोल्हापूरच्या कॉलेजांची जुनी गोष्ट

कोल्हापुरात हल्ली माजी विद्यार्थ्यांचा मेळावा म्हटला की दोन गोष्टी ठरलेल्या. आधी बॅचमधल्या नावाजलेल्यांना शाल-श्रीफळ, आणि जेवणाआधी पुढच्या ट्रिपची घोषणा. कधी केरळ, कधी राजस्थान, हात सैल असेल तर युरोप. सत्कार आणि प्रवास ही जोडी अलीकडची वाटते, पण या गावात ती दीडशे वर्षं जुनी आहे. पूर्वी प्रवास आधी व्हायचा आणि सत्कार नंतर, शिवाय प्रवासाचे पैसे जाणारा स्वतः क्वचितच भरायचा. एवढाच काय तो फरक.

गावातल्या सगळ्यात जुन्या कॉलेजचं नावच एका प्रवाशाचं आहे. छत्रपती राजाराम महाराज, म्हणजे दुसरे राजाराम, 1870 साली विलायतेला गेले. वय वीस. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो असं मानणारा तो काळ, आणि कोल्हापुरात रेल्वे यायला अजून एकवीस वर्षं होती. त्यांनी इंग्लंड पाहिलं, राणी व्हिक्टोरियाची भेट घेतली आणि रोजच्या रोज डायरी लिहिली. परतीच्या वाटेवर ते आजारी पडले आणि 30 नोव्हेंबर 1870 रोजी इटलीत फ्लॉरेन्सला वारले. आर्नो नदीच्या काठी हिंदू पद्धतीने त्यांचं दहन झालं. तिथे त्यांच्या स्मारकाची छत्री आहे, आणि जवळच्या पुलाला फ्लॉरेन्सचे लोक आजही 'इंडियन'चा पूल म्हणतात. सोबतच्या कॅप्टन वेस्ट यांनी ती डायरी 1872 मध्ये लंडनहून छापून घेतली. 1880 साली कोल्हापुरात कॉलेजचे वर्ग सुरू झाले आणि त्यांना नाव मिळालं ते या तरुण राजाचं: राजाराम कॉलेज. फिरायला गेलेला आणि परत न आलेला राजा! अशा नावाचं कॉलेज दुसरीकडे कुठे असेलसं वाटत नाही.

या कॉलेजच्या अगदी पहिल्या काही विद्यार्थ्यांत गोपाळ कृष्ण गोखले होते. वडील गेलेले, थोरले बंधू गोविंदराव कागलला नोकरीला. पगार महिना पंधरा रुपये, त्यातले आठ ते गोपाळला पाठवायचे. गोखले इथून पुढे मुंबईला गेले, एल्फिन्स्टन कॉलेजातून 1884 मध्ये पदवीधर झाले आणि 1897 साली हिंदुस्थान सरकारच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला लंडनला पोचले. चरित्रांत लंडन मोठ्या अक्षरात असतं. त्या लंडनच्या मुळाशी कागलच्या कारकुनाचे आठ रुपये आहेत, हे मेळाव्यातल्या भाषणांत सहसा येत नाही.

शैक्षणिक सहलीला कोल्हापुरात वजन आलं ते शाहू महाराजांमुळे, आणि ते स्वतःच अशा सहलींत घडले होते. राजकोटचं राजकुमार कॉलेज संपल्यावर धारवाडला फ्रेझर या इंग्रज शिक्षकांकडे त्यांचं शिक्षण झालं. फ्रेझर यांनी पुस्तकांबरोबर प्रवासही अभ्यासक्रमात धरला आणि आपल्या विद्यार्थ्यांना उत्तर आणि दक्षिण हिंदुस्थान दाखवला. सोबत धाकटे बंधू बापूसाहेब कागलकर आणि भावनगरचे राजपुत्र भावसिंहजी होते. कोल्हापूरकर रोज ज्या भाऊसिंगजी रोडवर हॉर्न वाजवत अडकतात, तो याच भावसिंहजींच्या नावाचा. वर्गमित्राचं नाव रस्त्याला देणारा माजी विद्यार्थी विरळाच म्हणायचा.

1902 मध्ये महाराज सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी इंग्लंडला गेले. केंब्रिजने त्यांना एलएल.डी. दिली. मागासलेल्या वर्गांसाठी सरकारी नोकऱ्यांतल्या निम्म्या जागा राखून ठेवणारा 26 जुलै 1902 चा हुकूम करवीर गॅझेटात निघाला, तेव्हाही महाराज परदेशातच होते. स्वतःच्या प्रवासापेक्षा दुसऱ्यांच्या प्रवासावर त्यांनी जास्त लक्ष दिलं. डॉ. कृष्णाबाई केळवकर यांना वैद्यकीच्या पुढच्या शिक्षणासाठी त्यांनी विलायतेला पाठवलं. परतल्यावर कृष्णाबाईंनी कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, म्हणजे आजच्या सीपीआर रुग्णालयात, काम केलं. लंडनमधलं अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला 1920 मध्ये निघालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनाही महाराजांनी आर्थिक मदत केली. ते राजारामचे विद्यार्थी नव्हते, पण मदत करताना महाराजांनी कॉलेज विचारलं नाही.

दूरच्या प्रवासाआधी जवळचा प्रवास जमायला हवा. खेड्यातल्या पोराला कोल्हापुरात येऊन राहायला जागा हवी. 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, मग जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क, अशी एकेक बोर्डिंगं उभी राहिली. ही नसती तर कॉलेजच्या नामफलकावरची अर्धी नावं गावाकडेच राहिली असती, असं माझं मत आहे.

पुढच्या पिढीत राजारामच्या वर्गांत शिकवायला माधव ज्यूलियन आणि ना. सी. फडके होते आणि बाकांवर यशवंतराव चव्हाण. ते इथून 1938 साली बी.ए. झाले. बी. डी. जत्ती हेही राजारामचेच, आणि वकिली शिकले तीही कोल्हापुरातल्या साइक्स लॉ कॉलेजात. आता गंमत पाहा. 1960 मध्ये सीमाप्रश्नावर महाराष्ट्र आणि म्हैसूर (आजचं कर्नाटक) या दोन्ही राज्यांची मिळून चार जणांची समिती बसली. तेव्हा महाराष्ट्राचे मुख्यमंत्री चव्हाण होते आणि म्हैसूरचे जत्ती. बेळगावच्या वादात समोरासमोर आलेली दोन्ही सरकारं एकाच कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांच्या हातात होती. प्रश्न काही सुटला नाही. जत्ती पुढे उपराष्ट्रपती झाले आणि 1977 मध्ये काही महिने हंगामी राष्ट्रपतीही.

पण कॉलेज आणि प्रवासखर्च यांचा खरा किस्सा खाशाबांचा. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा दादासाहेब जाधव राजाराम कॉलेजात शिकत होते, कोल्हापूरच्या मातीत कुस्ती करत होते. 1948 च्या लंडन ऑलिंपिकला ते गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने. मॅटवर खेळायची सवय नव्हती, तरी सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीची वेळ आली आणि पुन्हा पैशाचीच अडचण. सरकारदरबारी दाद लागेना. गावाने वर्गणी काढली, दुकानदारांनी जमेल ते दिलं, तरी रक्कम पुरेना. तेव्हा राजारामच्या प्राचार्य खर्डेकरांनी राहतं घर गहाण टाकलं आणि सात हजार रुपये उभे केले. 1952 सालचे सात हजार, आणि तेही एका प्राचार्याचे.

खाशाबांनी ब्राँझ आणलं. स्वतंत्र भारताचं वैयक्तिक खेळातलं पहिलं ऑलिंपिक पदक. कराडला उतरल्यावर त्यांची मिरवणूक निघाली, तीत 151 बैलगाड्या होत्या. मिरवणूक सगळ्यांना आठवते. त्यानंतर खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवले, त्यातून पैसे उभे केले आणि खर्डेकरांचं घर सोडवलं, हे मात्र कमी सांगितलं जातं. माझ्या लेखी पदकाइतकीच ही गोष्ट मोठी आहे. पुढे ते पोलिसात फौजदार म्हणून लागले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणानंतर.

सामान्य विद्यार्थ्याची सहल याहून साधी. 1962 मध्ये शिवाजी विद्यापीठ आलं, कॉलेजं वाढली आणि दर हिवाळ्यात एस.टी. ठरवून निघणं हा रिवाज झाला. एस.टी. शैक्षणिक सहलीला भाड्यात निम्मी सवलत देते, म्हणून प्राचार्यांचं पत्र घेऊन आगारात खेटे घालायचे. इतिहासवाले रायगड-प्रतापगडाकडे, वनस्पतिशास्त्राची मुलं दाजीपूर-राधानगरीच्या जंगलात किंवा आंबोलीला. शिल्प पाहायचं तर खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर. पावसाळ्यात पन्हाळा ते पावनखिंड ही पदभ्रमंती तर आहेच. 1660 च्या जुलैतली ती रात्र पायाखाली घालायला शेकडो पोरं चिखल तुडवत जातात. वर्गातल्या तासापेक्षा हा तास जास्त लक्षात राहतो, यात काही नवल नाही.

1 फेब्रुवारी 2016 ला मुरूडच्या समुद्रात सहलीला आलेले पुण्यातल्या एका कॉलेजचे 14 विद्यार्थी बुडाले. त्यानंतर सहलींचे नियम कडक झाले: पालकांची लेखी संमती, पाण्याच्या जागा टाळणं, सोबत पुरेसे शिक्षक. नियम हवेतच. पण परवानग्यांची फाइल जाड झाली तशी काही ठिकाणी सहल काढण्याची हौसच आटली, आणि जी निघते ती बऱ्याचदा वॉटरपार्कला. त्याला शैक्षणिक कशाला म्हणायचं, हे प्राचार्यांनाच विचारायला हवं.

उलट माजी विद्यार्थ्यांच्या सहलींना असा कुणाचा अडसर नाही. पन्नाशी ओलांडलेली, पेन्शन किंवा धंदा स्थिर झालेली मंडळी आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवर गट आहे, टूरवाला ओळखीचा आहे. या ट्रिपांना नावं ठेवायचं कारण नाही. चाळीस वर्षांनी एका बसमध्ये बसून जुन्या प्राध्यापकांच्या नकला करण्यात सुख आहेच. मात्र एस.टी.ची सवलत भाड्यापुरती असते. मुक्काम, जेवण, प्रवेश तिकिटं हा खर्च आजच्या विद्यार्थ्याच्या घरूनच जातो, आणि पैशाअभावी वर्गातली चार-दोन मुलं दरवर्षी 'घरी काम आहे' म्हणून मागे राहतात. माजी विद्यार्थी संघ बक्षिसं देतात, संगणक देतात, वर्गखोलीला रंग देतात. एका वर्गाच्या सहलीचा खर्च उचलणारा संघ मात्र शोधावा लागतो. युरोपच्या एका माणशी खर्चात खिद्रापूरच्या किती एस.टी. जातील, हा हिशेब पुढच्या मेळाव्यात खजिनदारांनी मांडायला हरकत नाही.