चौकडी (सुटाच्या कापडावरील)

ताण्यात व बाण्यात (उभ्या व आडव्या धाग्यांत) रंगीत सूत ठरावीक क्रमाने घालून विणलेली चौकटींची नक्षी. गोव्यातल्या कापड दुकानांत 'चेक्स' हाच शब्द रूढ आहे. पोर्तुगीजमध्ये तिला 'शाद्रेश' म्हणतात आणि बुद्धिबळालाही तेच नाव आहे. संस्कृत 'चतुरंग', पहलवी 'चत्रंग', अरबी 'शतरंज' अशा वाटेने हा शब्द इबेरियात, म्हणजे स्पेन-पोर्तुगालात गेला; गोव्यात तो पोर्तुगीजांबरोबर परतला. इंग्रजी 'चेक' मात्र फारसी 'शाह'पासून जुन्या फ्रेंचमार्गे आला.

'गिंगम' या चौकडीच्या सुती कापडाच्या नावाचे मूळ वादग्रस्त आहे. फ्रेंच कोशकार लित्रे ते फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातील गँगां गावाशी जोडतो. यूल व बर्नेल यांनी 1886 च्या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात हे नाकारून शब्द भारताशी चाललेल्या व्यापारातून आला असावा, असे मानले. पुढे मलय 'गेंगांग' म्हणजे पट्टेदार, ही व्युत्पत्ती पुढे आली. सुरुवातीचे गिंगम पट्ट्यांचे असे, हे पाहता तीच अधिक पटते.

सुटाच्या चौकड्यांत ग्लेन चेक प्रमुख. स्कॉटलंडमधील ग्लेन अर्कर्ट या दरीवरून हे नाव पडले. काळ बहुधा एकोणिसाव्या शतकाचा पूर्वार्ध. चार गडद-चार फिके आणि दोन गडद-दोन फिके असे धागे दोन्ही दिशांनी आळीपाळीने येतात, वीण तिरकस ट्वीलची. चाराला चार छेदतात तिथे कुत्र्याच्या दातासारखे टोकदार ठिपके उमटतात. हाच ठिपका सगळ्या कापडभर पसरला की त्याला 'हाऊंडस्टूथ' म्हणतात. फ्रेंच नावात मात्र कोंबडीचा पाय आहे, 'पिये-द-पूल'. ग्लेन चेकवर निळ्या किंवा तांबड्या रेघांची मोठी चौकट चढवली की बाजारात ते 'प्रिन्स ऑफ वेल्स' होते. हा प्रिन्स कोणता, यावर मतभेद आहेत. नाव सातव्या एडवर्डचे आणि लोकप्रियता नातवाची, म्हणजे आठव्या एडवर्डची, असे मानणे सयुक्तिक.

टॅटरसॉल म्हणजे बारीक रेघांची चौकडी; हे नाव 1766 मध्ये स्थापन झालेल्या लंडनच्या घोडेबाजारावरून, तिथल्या घोड्यांच्या झुलींमुळे पडले. विंडोपेन म्हणजे खिडकीच्या तावदानांसारखी मोठी, विरळ चौकट.

शिवताना कस लागतो तो रेघा जुळवण्यात. छातीवरच्या खिशाची पट्टी कोटाच्या अंगाच्या रेघेवर रेघ ठेवूनच बसवावी लागते. जरा सरकली तरी लगेच दिसते. म्हणून चौकट मोठी असेल तर कापड जास्त घ्यावे लागते.

गोव्याची स्वतःची चौकडी कुणबी कापडाची, लाल-पांढरी. ती साडीची, सुटाची नव्हे. पण रंगवलेले सूत दोन्ही दिशांनी विणण्याची रीत तीच. तिच्या पुनरुज्जीवनासाठी गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स (1960–2020) यांनी प्रयत्न केले.