वाङ्मयचौर्य पकडण्याची यंत्रणा कशी उभी राहिली

संशोधन नियतकालिकांच्या जन्मामागे चोरीची धास्तीही होती. आपले प्रयोग दुसराच कोणी स्वतःच्या नावावर खपवील, ही काळजी रॉबर्ट बॉइलसारख्या नामवंत शास्त्रज्ञांनाही असायची. रॉयल सोसायटीचे सचिव हेन्री ओल्डनबर्ग यांनी 1665 मध्ये लंडनला ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ सुरू केलं आणि अमुक शोध अमक्याने केव्हा कळवला, याची छापील नोंद राहू लागली.

पुढची तीनशे वर्षं कारभार जवळपास विश्वासावरच चालला. आरोप व्हायचे, संपादकांकडे तक्रारीची पत्रं यायची. चौकशी कोणी करायची, हे मात्र ठरलेलं नसायचं.

ही ढिलाई किती महागात पडते, ते 1980 मध्ये कळलं. अमेरिकेत कर्करोगावर काम करणाऱ्या एका तरुण डॉक्टरने दुसऱ्यांचे निबंध उचलायचे, शीर्षक बदलून स्वतःचं नाव टाकायचं आणि फारसं कोणी न वाचणाऱ्या परदेशी नियतकालिकाला पाठवून द्यायचे, असा सपाटाच लावला होता. एक प्रकार तर कमालीचा. युरोपातल्या एका नियतकालिकाने एक हस्तलिखित अभिप्रायासाठी पाठवलं. ज्यांच्या नावे लखोटा आला ते परीक्षक आधीच वारले होते. ते हस्तलिखित या डॉक्टरच्या हाती लागलं आणि जपानमधल्या एका नियतकालिकात त्याच्याच नावाने छापून आलं!

1981 मध्ये अमेरिकी काँग्रेसमध्ये अल गोर यांच्या उपसमितीने संशोधनातल्या गैरप्रकारांवर सुनावणी घेतली. सरकारी व्याख्या मात्र सरतेशेवटी 2000 साली पक्की झाली: बनावट माहिती, फेरफार आणि वाङ्मयचौर्य. प्रामाणिक चूक त्यातून वगळली.

दरम्यान 1997 मध्ये ब्रिटनमधल्या काही वैद्यकीय संपादकांनी एकत्र येऊन ‘कोप’ (कमिटी ऑन पब्लिकेशन एथिक्स) ही प्रकाशनातल्या नीतिमत्तेवर लक्ष ठेवणारी समिती स्थापली. तिने सांगितलेली वाट साधी आहे. आधी लेखकाकडे खुलासा मागायचा, तो पटला नाही तर त्याच्या संस्थेला कळवायचं आणि निबंध छापून झाला असेल तर दुरुस्ती द्यायची की तो मागे घ्यायचा, हे ठरवायचं. मागे घेतलेला निबंध सहसा काढून टाकत नाहीत. तसा शिक्का मारून तो जागेवरच ठेवतात.

खरा फरक संगणकाने पाडला. 2008 मध्ये क्रॉसरेफ या प्रकाशकांच्या संस्थेने ‘क्रॉसचेक’ सेवा सुरू केली आणि आलेला निबंध लाखो प्रकाशित लेखांशी ताडून बघणं संपादकांना शक्य झालं. 2011 मध्ये तर जर्मनीचे संरक्षणमंत्री कार्ल-थिओडोर त्सू गुटेनबर्ग यांच्या प्रबंधातले उचललेले परिच्छेद लोकांनी इंटरनेटवर पानोपानी शोधून काढले. डॉक्टरेट गेली, पाठोपाठ मंत्रिपदही.

संगणकाच्या या ताडणीतूनच, निबंधाचा किती भाग इतरत्र जुळतो त्या टक्क्यांचं खूळ सुरू झालं. सॉफ्टवेअर फक्त जुळणारे शब्द मोजतं. संदर्भसूची, अवतरणं, ठरावीक साच्यातलं प्रयोगपद्धतीचं वर्णन, सगळंच त्यात धरलं जाऊ शकतं. म्हणून तीस टक्के जुळणी असलेला निबंध स्वच्छ असू शकतो आणि पाच टक्क्यांच्या निबंधातला एकच उचललेला परिच्छेद नेमका निष्कर्षाचा निघतो. परभाषेतून अनुवाद करून घातलेला मजकूर बहुधा निसटतोच. अहवाल उघडून रंगवलेल्या ओळी वाचायच्या सोडून वरचा आकडा बघून निकाल देणारे संपादक स्वतःचं काम यंत्रावर ढकलतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहिलेला मजकूर येतो आणि तो सहसा कशाशीच शब्दशः जुळत नाही. अशी साधनं लेखक ठरू शकत नाहीत, त्यांचा वापर लेखकाने उघड सांगावा आणि मजकुराची जबाबदारी स्वतः घ्यावी, असं ‘कोप’ने 2023 मध्ये जाहीर केलं.