प्रतिध्वनीतली घनता

जमिनीत सोडलेली आणि खडकाच्या थरावर आपटून परत आलेली ध्वनिलहर दोन गोष्टी सांगते: ती किती वेळाने आली आणि किती जोरात आली. वेळेवरून वेगाचा आणि खोलीचा हिशेब लागतो. घनतेचा मात्र वेळेत मागमूस नसतो. वेग तोच असेल, तर घनता काहीही असो, लहर त्याच क्षणी परतते. घनता डोकावते ती फक्त जोरात.

परावर्तनाचा जोर ठरतो दोन थरांच्या इम्पीडन्समधल्या फरकावर, आणि इम्पीडन्स म्हणजे घनता गुणिले वेग. इथेच पेच आहे. बारा म्हणजे चार त्रिक की सहा दुणे, हे नुसत्या बारावरून कसं कळणार?

तेलशोधकांनी यावर एक सोयीची वाट काढली. १९७४ साली गार्डनर आणि सहकाऱ्यांनी वेगावरून घनतेचा अंदाज देणारं सूत्र मांडलं: सेकंदाला मीटरमध्ये मोजलेल्या वेगाचं चौथं मूळ घ्या, ०.३१ने गुणा. शेल (चिखलाचा थरदार खडक) आणि वालुकाश्मासाठी ते बरंच जमतं. मिठाला लावलं की फसतं. मिठातून लहरी सेकंदाला सुमारे ४,५०० मीटर धावतात, म्हणून सूत्र घनता २.५४ सांगतं, प्रत्यक्षात ती घन सेंटिमीटरला जेमतेम २.१६ ग्रॅम. मिठाच्या वरच्या बाजूला सेकंदाला ३,००० मीटर वेगाचं, २.३ घनतेचं शेल असेल, तर परावर्तनाचा जोर मूळ लहरीच्या ०.१७ पट यायला हवा, हिशेबात येतं ०.२५. ही चूक किरकोळ नाही, कारण मिठाच्या घुमटांच्या कडेलाच तेल अडकून राहतं. (याच हलकेपणामुळे मीठ वर सरकून घुमट बनतं, आणि गुरुत्वमापनात ते उठून दिसतं.)

वायूच्या बाबतीत तर घनतेवाचून इलाजच नाही. वाळूच्या छिद्रांतल्या पाण्यात थोडासा वायू मिसळला तरी लहरींचा वेग एकदम पडतो. पुढे वायू कितीही वाढला तरी वेगात फारसा फरक नाही. त्यामुळे निरुपयोगी, विरळ वायूही पडद्यावर भरलेल्या साठ्यासारखाच झळकतो. घनता मात्र वायूच्या प्रमाणात सावकाश उतरते, आणि म्हणून खरा साठा ओळखायला तिच्यासारखी खूण नाही.

घनता वेगापासून वेगळी काढायची तर लहरी खूप तिरप्या कोनातून टिपाव्या लागतात, म्हणजे स्रोतापासून दूरवर जिओफोन (जमिनीची कंपनं टिपणारी उपकरणं) मांडावे लागतात. त्या कोनांतली माहिती गोंगाटात सहज बुडते. म्हणून जवळपास विहीर असेल तर तिच्यात गॅमा किरणांचं उपकरण सोडून खडकाची घनता थेट मोजतात, आणि प्रतिध्वनींचा हिशेब तिथून पुढे नेतात.