दोरीचा फुगा आणि वायरलेसचं क्षितिज

फेब्रुवारी २०२३मध्ये अमेरिकेवरून वाहत गेलेला चिनी फुगा तिथल्या हवाई दलाने पाडला. त्यानंतर हेरगिरीपासून उडत्या तबकड्यांपर्यंत सगळ्या चर्चांना ऊत आला. त्या गदारोळात फुग्याचं सैन्यातलं एक जुनं आणि फार हुशारीचं काम बाजूलाच राहिलं. फुगा जमिनीला बांधून ठेवायचा आणि त्यावर वायरलेसचा अँटेना चढवायचा, हे ते काम.

सेटची ताकद वाढवली की संदेश लांब जातो, असा अनेकांचा समज असतो. पण सैन्याच्या मैदानी सेटमधल्या व्हीएचएफ, म्हणजे खूप उच्च वारंवारतेच्या, लहरी जवळपास सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी गोल आहे. दोन जवानांचे अँटेना जमिनीपासून २ मीटरवर असतील, तर सपाट माळावरही साधारण १२ किलोमीटरनंतर जमिनीचाच फुगवटा आड येतो. मग बॅटरी कितीही मोठी लावली तरी फारसा फरक पडत नाही.

अँटेनाच्या मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढा आणि त्याला ४.१२ने गुणा, की रेडिओ-क्षितिज, म्हणजे लहरी जमिनीवर जिथवर पोचतात ते अंतर, किलोमीटरमध्ये मिळतं. १०० मीटरला ४१ किलोमीटर, ४०० मीटरला ८२. उंची चौपट केली तर अंतर फक्त दुप्पट, म्हणजे सौदा तोट्याचा वाटतो. पण सैन्याला हवं असतं क्षेत्रफळ आणि ते अंतराच्या वर्गाने वाढतं. वर्गाने वर्गमूळ कापलं जातं! त्यामुळे फुग्याने चढलेल्या प्रत्येक मीटरमागे सुमारे ५३ चौरस किलोमीटर मुलूख पदरात पडतो, पहिल्या मीटरला तेवढाच आणि तीनशेव्यालाही तेवढाच. ३०० मीटरवरून जवळपास १६,००० चौरस किलोमीटर, म्हणजे मध्ये डोंगर नसतील तर पुणे जिल्ह्याएवढा टापू. या गणिताचं मला फार अप्रूप वाटतं.

हवेमुळे होणारं वाकणं सोडून दिलं, तर नजरेसाठी हाच गुणक ३.५७ येतो. वर विरळ होत जाणारी हवा रेडिओलहरींना प्रकाशापेक्षा थोडं जास्त खाली वाकवते, म्हणून त्यांचं क्षितिज जरा लांब. जून १८६१मध्ये फुग्यातून उडणारे अमेरिकन थॅडियस लो यांनी वॉशिंग्टनमध्ये दोरीने जमिनीला बांधलेल्या फुग्यातून, सुमारे १५० मीटरवरून, राष्ट्राध्यक्ष लिंकन यांना तार केली की जवळपास ५० मैल, म्हणजे ८० किलोमीटर व्यासाचा प्रदेश इथून नजरेत येतो. सूत्राने ८७ येतात. माणसाच्या डोळ्याने केलेला अंदाज किती जवळ गेला पाहा.

आजच्या फुग्याची दोरी म्हणजे जाड केबल असते. ती फुग्याला धरून ठेवते, वर वीज नेते आणि तिच्यातल्या ऑप्टिकल फायबरमधून संदेश खाली येतात. ड्रोनसारखी बॅटरी संपण्याची चिंता नसल्याने फुगा दिवसेंदिवस वर राहू शकतो. भारतात आग्र्याच्या एडीआरडीई या डीआरडीओच्या प्रयोगशाळेने 'आकाशदीप' हा असा फुगा बनवला.

अडचण उंच प्रदेशात येते. समुद्रसपाटीला एक घनमीटर हेलियम साधारण १ किलो वजन उचलतो. लेहच्या ३,५०० मीटरवर हवाच विरळ, तिथे पाऊण किलोच. त्यामुळे तेवढाच अँटेना आणि तेवढीच केबल उचलायला फुगा बराच मोठा करावा लागतो आणि मोठ्या फुग्याला वाराही जास्त लागतो. ऑक्टोबर २०१५मध्ये मेरीलँडमधला एक महाकाय रडार-फुगा तर केबल तुटून सुटला आणि मागे लोंबणाऱ्या केबलने विजेच्या तारा तोडत पेनसिल्व्हेनियात जाऊन पडला.